चौथ्या मजल्याचा ठेका

९ जानेवारी

घरात बोलायला कुणी नसलं की माणूस वहीशी बोलायला लागतो. तसं घरात कुणी नाही असं नाही. नवरा आहे, समोरच बसलाय, पण त्याच्याशी बोलणं आणि त्याच्या खुर्चीशी बोलणं यात हल्ली फारसा फरक उरलेला नाही. म्हणून ही डायरी.

निमित्त खरं तर आनंदाचं आहे. येत्या शुक्रवारी त्याच्या बँडचा अल्बम येतोय, अकरा वर्षांनी. नाव 'सातवा मजला'. एक माणूस सात मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकलाय, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते पण दार उघडत नाही, आणि एकेका मजल्यावर एकेक गाणं. चौथा मजला एकोणीस मिनिटांचा आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांना एवढं लागतंच. त्याहून कमी दिलं की आम्हाला फसवल्यासारखं वाटतं.

आम्ही म्हणजे फोनवरचा आमचा ग्रुप. कुठलाही नवा अल्बम आला की सगळ्यांनी तो तीनदा ऐकायचा आणि मगच तोंड उघडायचं, असा आमचा नियम आहे. पहिल्यांदा ऐकताना काहीच करायचं नाही, दुसऱ्यांदा मात्रा मोजायच्या, तिसऱ्यांदा शब्दांकडे बघायचं. मोजण्यात माझा हात कुणी धरत नाही, म्हणून मला ग्रुपवर 'मोजणीबाई' म्हणतात. दिवसभर लॅबमध्ये बसून ज्यांचं तोंडही बघणार नाही अशा माणसांचे दात तयार करायचे, कानात गाणी घालून. पंचवीस वर्षं हेच करतेय, मोजायला येणार नाही तर काय.

आज जेवताना मी ढापण्याची गंमत सांगितली. ढापण्या म्हणजे ग्रुपवरचा आमचा जाड भिंगाचा हिशेबतपासनीस. त्याने म्हणे बायकोच्या घोरण्यातही सात मात्रा शोधल्या. मी हसून हसून बेजार, आणि नवरा नुसता बघतोय माझ्याकडे. ओठ हललासुद्धा नाही. पूर्वी हा माणूस माझ्या फालतू विनोदांवर ठसका लागेपर्यंत हसायचा.

१६ जानेवारी

अल्बम आला. मी लॅबमधून अर्धी सुट्टी टाकली होती. म्हटलं दोघं बसून ऐकू. तर हा म्हणे, "तू ऐक. मला क्लासला जायचंय." टायरच्या दुकानावरच्या खोलीत तो ड्रम शिकवतो. आज क्लास नसतो, हे मला ठाऊक आहे. 

दारातून परत फिरला आणि म्हणाला, "नीट ऐक हं, बाई." इतक्या हळू बोलतो हल्ली, की दोनदा विचारावं लागतं. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "काही नाही."

पडदे ओढून एकटीने ऐकला. तिघांनी एका खोलीत, एका दमात वाजवलाय. मध्ये कापाकापी नाही, मशीनची डागडुजी नाही. ह्यांचं ते पहिल्यापासूनचं व्रत. चौथ्या मजल्यावर आले आणि अंगावर काटा आला. ठेका सरळ चाललाय असं वाटतं आणि मध्येच पायाखालची पायरी सरकते, मग परत सापडते. रडले मी. हे लिहायला लाज कसली.

१७ जानेवारी

मोजून झालं. चौथा मजला सोळा मात्रांचा भासवलाय, पण तो सोळाचा नाहीच. तिसऱ्या फेरीला सतरा. मग दोनदा सोळा. मग साडेसतरा. अर्धी मात्रा, आणि तीही डाव्या हाताची. शेवटाकडे तर प्रत्येक फेरी वेगळी, आणि गिटार दर वेळी त्याच्यासाठी बरोबर थांबतं. म्हणजे हे सगळं ठरवून बसवलेलं आहे. वीस वर्षं ह्या माणसाबरोबर राहतेय आणि हे त्याच्या डोक्यात शिजत होतं याचा मला पत्ता नाही.

चप्पल घातली आणि तशीच क्लासवर गेले. जिना चढून दारातच टाळ्या वाजवल्या. सांगितलं, सगळं सापडलं मला, सतरा आणि साडेसतरा आणि शेवटची पडझड. तो स्टुलावर बसला होता. 

"आणखी काय ऐकू आलं?" म्हणाला.

"एवढं पुरे नाही का?"

"पुरे की," म्हणाला आणि झांजेचा स्क्रू आवळायला लागला. तोही धड आवळता येईना त्याला, माझ्यावर इतका वैतागला होता. येताना मी एकटीच आले. असं तोंडावर आपटायला झालं, काय सांगू. जगातल्या कुठल्याही बायकोने नवऱ्याचं एवढं कौतुक केलं असतं तर त्याने तिला डोक्यावर घेतलं असतं.

२० जानेवारी

तीन ऐकणी पूर्ण. परवा ग्रुपवर माझं मत टाकलं. लांबलचक आहे, पण चांगलं उतरलंय. 'हा ठेका चालत नाही, हा श्वास घेतो' असं एक वाक्य आहे, ते सगळ्यांनी उचललं.

काका म्हणजे ग्रुपवरचे सगळ्यात जुने. त्यांच्या मते चांगला अल्बम ते तरुण असताना निघायचा बंद झाला. त्यांनीसुद्धा लिहिलं की चौथ्या मजल्यापुढे नाक मुरडायला जागा नाही. ढापण्याने मशीनवर मोजून माझा आकडा पडताळला. साडेसतरा नाही, सतरा आणि तीन अष्टमांश, असं त्याचं म्हणणं. आमची त्यावर दीड दिवस जुंपली होती.

नवरा खुर्चीत बसून डाव्या हाताचा अंगठा बोटावर घासत असतो. मी त्यातही ठेका शोधला. एका सेकंदाला पाच. टीव्ही बघतानाही रियाज चालू असतो साहेबांचा. बायकोशी दोन शब्द बोलायचे म्हटले की मात्र दमतो.

२५ जानेवारी

आज ग्रुपवर एक नवीन माणूस आला. नाव घेतलं होतं 'पाहुणा'. त्याने लिहिलं: 'माझं चुकत असेल, मला मोजता येत नाही. पण चौथ्या मजल्यावर ड्रमवाले मुद्दाम मागे राहतात असं मला वाटत नाही. त्यांचा डावा हात त्यांना साथ देत नाहीये, असं वाटतं. त्यांची तब्येत बरी आहे ना?'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला मोजता येत नाही त्याने सरळ कबूल करून वर तोंड करून बोलायचं. मी त्याला असा धुतला, की विचारू नका. फेरीवार सगळा हिशेब दिला, वर म्हटलं की ज्यांना पाळण्यातल्या गाण्यापलीकडचं झेपत नाही त्यांनी ड्रमरच्या तब्येतीची चौकशी करत बसू नये. ढापण्याने हसून लोळणारी चित्रं टाकली. काकांनी माझी पाठ थोपटली. पाहुणा 'माफ करा' म्हणून ग्रुप सोडून गेला.

संध्याकाळी नवऱ्याने माझा फोन घेऊन सगळं वाचलं. फार वेळ लावला. मला वाटलं आता तरी खूश होईल, बायको त्याच्यासाठी भांडली.

"त्याला घालवलंस कशाला?" म्हणाला.

"तुला नावं ठेवत होता."

"नावं कुठं ठेवत होता," म्हणाला, आणि फोन टेबलावर ठेवताना खाली पाडला. उचललासुद्धा नाही.

१ फेब्रुवारी

नणंद आली होती. चहा पिता पिता म्हणते, "वहिनी, दादा चालताना एक हात हलवतच नाही गं. खिशात काही धरल्यासारखा." ह्या बाईला आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, मागच्या वेळी पडदे होते, ह्या वेळी भाऊ. मी म्हटलं, तो तुझ्या वहिनीवर रुसलाय, हात हलवायलाही पैसे पडतात त्याला.

ती गेल्यावर स्वयंपाकघरात दूध करपून कोळसा झालं. हा तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभा. घरभर वास, आणि साहेबांना पत्ता नाही. "तुला वास येत नाही का?" ओरडले मी. म्हणाला, "नाही." असं सरळ. माझ्या तोंडावर खोटं बोलतो आता.

मग दार लावून रडले. एवढं मोठं काम केलं त्याने, आणि त्यातला चिमूटभर आनंदही मला द्यायची त्याची इच्छा नाही. ह्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काही शिल्लक नाही. कुणी दुसरी असेल तर तिला तरी तो हसून दाखवत असेल.

१० फेब्रुवारी

शेवटी विचारलं. "दुसरी कुणी आहे का?"

तो शर्टाची बटणं लावत होता. तिसऱ्या बटणावर अडकला होता. बघत राहिला, भिंतीसारखा. मग म्हणाला, "असती तर बरं झालं असतं."

ह्याचा अर्थ काय लावायचा माणसाने. सबंध दिवस लॅबमध्ये मेणात दात उलटे बसवले. मालकीणबाईंनी दोनदा टोकलं.

दुपारी बोक्याचा फोन आला. बोका म्हणजे बँडचा गिटारवाला, शाळेपासूनचा ह्याचा दोस्त, आवाजावरून नाव पडलंय. एका हॉलने सबंध अल्बम वाजवायला बोलावलंय, एकवीस मार्चला. नवरा नाही म्हणतोय. बोका काहीतरी चाचरत होता, "वहिनी, जाऊ द्या, जबरदस्ती नको." मी म्हटलं, जाऊ द्या कसं, अकरा वर्षं वाट बघितली ती जाऊ द्यायला? आणि तिथल्या तिथे ग्रुपवर जाहीर करून टाकलं. लोकांनी तिकिटं काढायलाही सुरुवात केली. आता कसा नाही म्हणतो बघते. घरात नाही तर नाही, तिथे तरी त्याच्या तोंडावर हसू दिसेल.

त्याला कळल्यावर एवढंच म्हणाला, "अगं, काय करून बसलीस."

१९ फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर आत कुजेल.

काल न सांगता तालमीला गेले. दार अर्धं उघडं होतं, मी बाहेर थांबले, म्हटलं चौथा मजला संपला की आत जाऊ. चौथाच चालू होता. रेकॉर्डवर मी तो किती वेळा ऐकलाय देव जाणे. पण ऐकलाय. बघितला नव्हता कधी.

उजवा हात त्याचा तसाच आहे, लोण्यासारखा. डावा उचलायचा असतो तेव्हा तो आधी त्याच्याकडे बघतो. हात येत नाही. मग येतो. ज्या ठिकाणी मी सतरा लिहिलं होतं तिथे बोक्याने गिटारवरचा हात थांबवला आणि खाली मान घालून वाट बघितली. हात आल्यावर पुढे निघाला. पुढच्या फेरीला स्टिक सुटून पडली.  कीबोर्डवाल्याने वाकून ती उचलून त्याच्या हातात दिली, रोजचंच असल्यासारखी. बोका म्हणाला, "परत घेऊ या रे." आणि त्याने परत घेतलं.

मी जिन्यात बसले. माझा श्वास घेणारा ठेका. माझं साडेसतरा.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला चांगल्या. त्याला म्हणाल्या, अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटत राहा, मोठं उघडा, भरभर. उजव्याने केलं. डाव्याने सुरू केलं आणि बोटं जवळ जवळ येत गेली, लहान लहान होत थांबली. चालायला लावलं. वास येतो का विचारलं. झोपेत लाथा मारता का, अक्षर बारीक झालंय का, लोक म्हणतात का की तुम्ही हसत नाही. प्रत्येक प्रश्नाला मी खुर्चीत आणखी खाली जात होते. त्या मला विचारत होत्या, बायको म्हणून तुमच्या काय लक्षात आलं.

कंपवात. हात थरथरतो तेवढंच नाही, त्यात चेहराही गोठतो म्हणाल्या. आतून हसू आलं तरी बाहेर पोचत नाही.

औषधं आहेत. बरं होणारं नाही.

४ मार्च

आज बोललो. बोललो म्हणजे तो बोलला, आणि मी एकदाही 'काय म्हणालास' असं विचारलं नाही, जवळ सरकून बसले.

दीड वर्षापासून त्याला डावा हात दगा देतोय. घाबरून कुणाला सांगितलं नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी हात फारच बिनसला. बोका म्हणाला मशीनवर सरळ करून घेऊ, कुणाला कळणार नाही. ह्याने करू दिलं नाही.

"का नाही करू दिलंस?"

"तुला कळावं म्हणून," तो म्हणाला. "माझ्या तोंडून निघत नव्हतं. म्हटलं, तू मोजशील. अर्धी मात्रा इकडची तिकडे झाली तर तुला झोप येत नाही. तू दुसऱ्यांदा ऐकशील आणि तुला कळेल, आणि तू क्लासवर येशील."

"आले की रे मी."

"आलीस. टाळ्या वाजवत आलीस."

मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मग तो म्हणाला की त्या दिवशी त्याला वाटलं, हिलाही कळत नाही म्हणजे नसेलच काही. दोन दिवस बरं वाटलं त्याला. मग पाहुणा आला आणि तो माझ्या तोंडून शब्द निघायची वाट बघत राहिला. आणि मी पाहुण्याला हाकलला.

त्या पाहुण्याला शोधून माफी मागितली. त्याने लिहिलं, 'माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, म्हणून ओळखीचं वाटलं. काळजी घ्या.' एक वाकडा शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं.

माझ्यासारखी आंधळी बाई दुसरी नसेल. नणंदेला दिसलं. ज्याला मोजता येत नाही त्याला ऐकू आलं.

१२ मार्च

एकवीस तारखेला तो वाजवणार नाही. तिकिटं विकली गेलीत, हॉलवाले ऐकत नाहीत, म्हणून बोक्याने दुसरा ड्रमर आणलाय. तिशीतला आहे, हात विजेसारखा. घरी येऊन नवऱ्याच्या पाया पडायचा तेवढा राहिला. म्हणाला, "सर, चौथ्या मजल्याची काळजी करू नका. ढापण्यांनी सगळा लिहून काढलाय आणि ताईंचा हिशेब आहेच. एकेक अष्टमांश पाठ केलाय."

मी म्हटलं, अरे थांब. तर नवऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला.

तो गेल्यावर भांडले. म्हटलं, मी आत्ता ग्रुपवर खरं काय ते सांगते, माझी काय शोभा व्हायची ती होऊ दे. तो म्हणाला, नको. "ते कळलं की कुणी गाणं ऐकणार नाही. माझा हात ऐकतील. बिचारा म्हणत ऐकतील." मी म्हटलं, पण हे खोटं आहे. तो म्हणाला, "असू दे. माझ्याकडे दुसरं काय राहिलंय."

ग्रुपवर अजून सतरा आणि तीन अष्टमांश चाललंय. मी वाचते. लिहीत काही नाही. काका विचारत होते, मोजणीबाईंची तब्येत बरी आहे ना.

२२ मार्च

काल तिसऱ्या रांगेत बसलो होतो, तो कडेच्या खुर्चीत, उठायला सोपं म्हणून. हॉल भरला होता. लोकांना सांगितलं होतं, मनगट दुखावलंय.

चौथा मजला सुरू झाला. मी पाठ केलेलं सगळं समोर येत गेलं. तिसऱ्या फेरीला त्या धडधाकट मुलाने डावा हात हवेत धरला, मोजून, आणि बोका थांबला. आता त्याला थांबायची गरज नव्हती, तरी थांबला. कारण तसं लिहिलंय. पुढे रिकामी जागा आली. नवरा माझ्याकडे झुकून म्हणाला, "इथं स्टिक सुटली होती." मुलाने ती जागा इतकी नेमकी सोडली, की पुढच्या रांगेत ढापण्या उठून उभा राहिला. मग सगळेच उभे राहिले. माझ्या नवऱ्याचा आजार वाजवला जात होता, एका निरोगी माणसाच्या हातांनी, एक चूक न करता. लोक डोळे पुसत होते.

मला ओरडावंसं वाटलं. मी खुर्चीचा हात धरून बसले.

नंतर लोकांनी त्याला घेरलं. सतरा मात्रा कशा सुचल्या, विचारत होते. तो म्हणाला, "सुचल्या नाहीत, झाल्या." सगळे खूश, केवढा विनय. ढापण्या म्हणाला, आता हे असंच वाजणार, लिहून ठेवलंय, कुणीही वाजवू शकेल.

आज सकाळी चहा घेऊन बसलो. औषधाने हात थोडा शांत होता. मी विचारलं, "तू बसवला होतास तो चौथा मजला कसा होता रे? मुळात?"

"साधा होता. सोळा मात्रा, सरळ. माणूस अडकलाय, दार वाजवतोय, दमत नाही. बस्स, एवढंच होतं."

"मला ऐकव एकदा."

त्याने कप बाजूला सरकवला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत डावा मागे राहिला. थांबला, परत सुरू केला. परत राहिला. अगदी रेकॉर्डसारखं. तिसऱ्यांदा त्याने हात उचललेच नाहीत.

"तू वाजव," म्हणाला.

मला वाजवता येत नाही, मी फक्त मोजते. पण सोळा कुणालाही येतात. मी टेबलावर वाजवला. तो सांगत गेला, उजवा, उजवा, डावा, इथं जरा जोरात, घाई नको. कुठे पायरी सरकली नाही. दार वाजत होतं आणि माणूस दमत नव्हता. मी रडत होते, तरी हात चालू ठेवले, कारण हे आणखी कुणी ऐकणार नाही, कधीच नाही, मीच त्याची सोय करून ठेवलीय.

तो ऐकत बसला होता. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"हो," म्हणाला. "असाच होता."